चेगारवर गनिमी कावा होता कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘सर्बियाची पावनखिंड’ हा लेख वाचला. विषय १८०९ साली चेगार टेकडीवर तुर्की फौजेशी झालेली सर्बियन बंडखोरांची लढाई. बाल्कनसाठी सबंध पान दिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण एरवी त्या पानावर वास्तुशास्त्र असतं. पण लिहिणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने मिळून त्या पानाचं जे केलंय, ते पाहून माझी दुपारची झोप गेली. रात्री आमचे हे म्हणाले, “धुमसत बसण्यापेक्षा लिहून टाक.” म्हणून हे पत्र.

आधी नावं. लेखात ‘निस’, ‘सिंडेलिक’, ‘मातेजेवाक’ असं छापलंय. ते नीश (शहर), सिंजेलिच (चेगारवर मेलेला सरदार) आणि मातेयेवच (तिथलंच गाव) आहे. सर्बियन माणसाचा चिंचेतला च वेगळा आणि चाकातला च वेगळा, अगदी आपल्यासारखाच. दोन्ही च आपल्या जिभेवर असताना इंग्रजी अक्षरं पाहून तिथे ‘क’ वाचायचा, म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना टँकर मागवायचा. असो. नावांवरून कुणी मेलेलं नाही.

माझं खरं भांडण ‘गनिमी कावा’ या शब्दाशी आहे. लेखात तो मी मोजला, नऊ वेळा आलाय. (गणित शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, मोजायची सवय जात नाही.) सर्बियन बंडखोरांना गनिमी कावा येत नव्हता असं मी म्हणत नाही. हायदुकांचा, म्हणजे तिथल्या जंगलातल्या बंडखोर टोळ्यांचा, जन्मच त्यात गेला होता. वसंतात सेंट जॉर्जच्या सणाला जंगलात एकत्र जमायचं, झाडी दाट आहे तोवर वाटा अडवायच्या, शरदात सेंट दिमित्रीच्या सणाला पांगायचं आणि हिवाळा विश्वासातल्या माणसाच्या घरी लपून काढायचा, असं त्यांचं वर्षाचं वेळापत्रकच असे. तुर्कांविरुद्धचा १८०४ चा उठाव सुरू झाला तेव्हा कित्येक टोळ्या अशाच तयार होत्या.

पण चेगारवर यातलं काय होतं? १८०९ च्या वसंतात सुमारे सोळा हजार सर्ब नीशच्या किल्ल्यासमोर येऊन बसले, टेकड्यांवर सहा मोर्चे खणले आणि वाट पाहत राहिले. झाडी नाही, रात्र नाही, हूल नाही. समोर तटबंदीतला शत्रू, त्याला रोज मागून नवी कुमक येतेय आणि आपण मातीच्या बांधामागे मुक्काम ठोकून. याला गनिमी कावा म्हणायचं, तर तहसील कचेरीसमोरच्या उपोषणालाही म्हणावं लागेल. गनिमी कावा सोडला म्हणूनच ते मेले. लेखात नेमकं याच्या उलट लिहिलंय.

आणि पावनखिंड! बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले ते महाराज विशाळगडावर पोहोचावेत म्हणून. तोफांचे आवाज झाले आणि कामगिरी फत्ते झाली. स्तेवान सिंजेलिच कुणासाठी उभा होता? त्याच्या मागून कुणीही कुठेही सुखरूप पोहोचायचं नव्हतं. मागे होते ते त्याचेच लोक, शेजारच्या मोर्चात, आणि ते बघत होते. तुलना करायचीच होती तर पानिपतापूर्वी होळकर आणि गारदी यांच्यात लढाई कशी करायची यावरून झालेली ओढाताण तरी आठवायची. पण ‘सर्बियाचं पानिपत’ म्हटलं की मथळ्यातली मजा गेली, नाही का?

लेखात मिलोये पेत्रोविच हे नाव एकदाही नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. सगळा घोळ त्या नावापाशी आहे. सेनापतीपद कुणाचं, यावरून पेतार दोब्रन्याच आणि मिलोये यांचं जमेना. वरून म्लादेन मिलोवानोविच या पुढाऱ्याने वजन टाकलं आणि पद मिलोयेला मिळालं. दोब्रन्याच दुखावला. मिलोयेचा मोर्चा कामेनित्साला, दोब्रन्याचचा मातेयेवचला आणि या दोघांच्या रुसव्याफुगव्यांत रेसावा खोऱ्यातला सिंजेलिच आपले तीनेक हजार लोक घेऊन चेगारच्या टेकडीवर. ३१ मे रोजी तुर्की फौज त्याच्यावर चालून आली. (लेखात १९ मे छापलंय, ती जुन्या पंचांगाची तारीख. बाकीच्या तारखा नव्या आणि ही एकच जुनी, हे कसं काय?) दिवसभर हल्ले झाले, दिवसभर परतवले. खंदक तुर्कांच्याच प्रेतांनी भरला आणि मागचे त्यावरून चालत आत आले. मदतीला जायला बाकीचे तयार होते, मिलोयेने जाऊ दिलं नाही. शेवटी सिंजेलिचने दारूच्या कोठारात पिस्तूल झाडलं. तो, त्याचे उरलेले सोबती आणि आत शिरलेले तुर्क एकदमच गेले.

त्यानंतर तुर्की सेनापती हुर्शिद पाशाने मेलेल्यांची डोकी सोलून, कातडी पेंढ्याने भरून इस्तंबूलला सुलतानाकडे पाठवली आणि कवट्या नीशबाहेर इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या बुरुजात चिणल्या. तोच हा ‘चेले कुला’, म्हणजे कवट्यांचा बुरूज. तुमच्या लेखात ‘हजारो कवट्यांचा जगातला एकमेव मनोरा’. हजारो नाही हो, ९५२. चार बाजू, बाजूला चौदा ओळी, ओळीत सतरा. करा गुणाकार. आणि एकमेव तर मुळीच नाही. ‘चेले’ म्हणजे मूळ फारसी कल्ला, डोकं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात कल्लामिनार असतात ना, तोच. १५५६ साली पानिपतावर हेमूचा पराभव झाल्यावर मुघलांनीही शत्रूच्या मुंडक्यांचा मनोरा रचला होता. लेखाबरोबरचं छायाचित्रसुद्धा नीशचं नाही, ते पॅरिसच्या भुयारातलं आहे. तिथे हाडं नीट रचलेली असतात. नीशला आज बहुतेक नुसती भोकंच आहेत.

हे मला माहीत आहे, कारण मी ती पाहिली आहेत. २०१९ मध्ये, सर्बियाला आपल्या लोकांना व्हिसा लागत नव्हता त्या काळात, आम्ही दोघं एका पर्यटन कंपनीबरोबर गेलो होतो. चौतीस माणसं, बसमध्ये अंताक्षरी, रोज रात्री जेवणात मेतकूट. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा मेतकूट-भात खाल्ला आहे.) छापील कार्यक्रमात स्पष्ट लिहिलं होतं : ‘चेले कुला व चेगार रणभूमी’.

चेले कुलाभोवती १८९२ साली एक लहानसं देऊळ, म्हणजे चॅपेल, बांधलेलं आहे. आत बुरूज चांगला उंच, चौकोनी. आता त्यात फक्त ५८ कवट्या उरल्यात. बाकीच्यांपैकी कित्येक नातेवाइकांनी लपूनछपून नेऊन पुरल्या आणि पुढे १८६१ च्या सुमारास मिधत पाशा तिथला सुभेदार असताना त्याने बुरूज मोडायला काढला, त्यात काही गेल्या. जिथून कवटी निघाली तिथे चुन्यात गोल खळगा राहिलाय. ओळीने खळगेच खळगे. क्षमा करा, पण मला आधी अप्पेपात्र आठवलं. मग एका खळग्याच्या कडेला बोट जाईल एवढ्या अंतरावर एक उरलेली कवटी दिसली, वरच्या ओळीतले चारच दात शाबूत असलेली, आणि पुन्हा अप्पेपात्र आठवलं नाही. सिंजेलिचची म्हणून एक कवटी वेगळी काचेच्या पेटीत ठेवली आहे. मी ओळी मोजत होते. सातव्या ओळीपर्यंत आले तोवर आमच्या टूर मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. “चला चला, वीस मिनिटं झाली!”

बसमध्ये विचारलं, चेगार? तो म्हणाला, “काकू, टेकडीवर काही नाहीये, नुसतं गवत आहे. त्याऐवजी शॉपिंगला दीड तास देतोय ना.” मतदान झालं. बत्तीस विरुद्ध दोन.

आम्ही दोघांनी टॅक्सी केली. चालकाला इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला सर्बियन. मी नुसतं “चेगार, सिंजेलिच” म्हटलं, तर त्याने आरशातून मागे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचा एक हात काढून छातीवर ठेवला. वर खरोखरच गवत होतं आणि मोर्चाच्या आकाराचं, १९२७ साली बांधलेलं एक बुटकं बुरुजासारखं स्मारक. वाराही होता. आमचे हे फोटो काढत होते तेव्हा मी त्या चालकाला खुणेने विचारलं, कामेनित्सा कुठे? त्याने हात लांब करून दाखवलं. आणि मग मी, मुद्दाम, “मिलोये?” म्हणाले.

त्याने जिभेने ‘च्च’ केलं, मान फिरवली आणि तंबाखूची पिंक टाकावी तसा गवतात थुंकला. दोनशे दहा वर्षं झाली होती. लेखात नसलेलं नाव त्या टॅक्सीवाल्याला पाठ होतं.

परत यायला आम्हाला पंचवीस मिनिटं उशीर झाला. बस थांबली होती, पण पुढचे तीन दिवस आमच्याशी कुणी नीट बोललं नाही, आणि टूर मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं की “सीनियर सिटिझन्सनी तरी वेळेचं भान ठेवायला हवं.” बत्तीस वर्षं पहिल्या घंटेला वर्गात उभी असणाऱ्या बाईला! छापलेली रणभूमी खाऊन टाकली त्याचं भान कुणी ठेवायचं? घरी आल्यावर कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तरादाखल वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि केरळचं माहितीपत्रक आलं.

तर तेव्हापासून चेगार म्हटलं की मी जरा हळवी होते, हे मान्य. तरीही माझी विनंती साधी आहे. दुरुस्ती छापा, आणि ती कोपऱ्यात, सोन्या-चांदीच्या भावांखाली नको. संख्या ९५२, उरलेल्या ५८, तारीख ३१ मे, आणि मिलोये पेत्रोविच. ‘पावनखिंड’ हा शब्द काढता आला तर उपकार होतील.

कळावे,
आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, वाई

ता. क. शब्दकोड्याबद्दल गेल्या महिन्यातही लिहिलं होतं. परवा आडवे १४ ला चौकोन पाच आणि उत्तर चार अक्षरी. हे कोडं नक्की तपासतं कोण? लेख तपासतात तेच का?