शिक्षकांनी एकमेकांच्या साध्या तासिका पाहाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे हा वेळ बहुतांशी व्याख्याने, पीपीटी आणि ऑनलाइन मॉड्यूल यांत जातो. शिकवण्याविषयी तिथे पुष्कळ बोलले जाते, प्रत्यक्ष शिकवणे मात्र क्वचितच कोणाच्या डोळ्यांसमोर येते. माध्यमिक शाळेत गणित शिकवताना आणि पुढे सेवांतर्गत प्रशिक्षणांत सुलभक म्हणून काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, यातला काही वेळ तरी शिक्षकांनी एकमेकांच्या रोजच्या, कोणतीही सजावट न केलेल्या तासिकांचे चित्रीकरण एकत्र बसून पाहण्यासाठी राखून ठेवला पाहिजे.

या पद्धतीमागे मोठा अभ्यास उभा आहे. ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीच्या १९९५ च्या फेरीला जोडून अमेरिकी संशोधक जेम्स स्टिगलर यांच्या नेतृत्वाखाली जर्मनी, जपान आणि अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या २३१ तासिका चित्रित करण्यात आल्या. १९९९ च्या फेरीत ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक, हाँगकाँग, जपान, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिका येथील ६३८ तासिकांचा अभ्यास झाला. शाळा नमुना निवडीच्या शास्त्रीय पद्धतीने निवडल्या होत्या आणि त्या दिवशी जे शिकवायचे ठरले असेल तेच शिकवा, असे शिक्षकांना सांगितले होते. दुसऱ्या फेरीत एक कॅमेरा शिक्षकाबरोबर फिरत असे आणि दुसरा वर्गावर स्थिर असे. पुढे प्रत्येक तासिकेतील बोलणे लिहून काढले गेले, त्याचे भाषांतर झाले आणि निरनिराळ्या देशांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून त्याचे विश्लेषण केले.

चांगले गुण मिळवणाऱ्या देशांची शिकवण्याची एखादी समान रीत असेल, ही अपेक्षा या अभ्यासात फोल ठरली. हाँगकाँगच्या वर्गात सोडवलेल्या उदाहरणांपैकी चार पंचमांशांहून अधिक उदाहरणे नेहमीच्या रीतीच्या सरावाची होती, तर जपानमध्ये निम्म्याहून अधिक उदाहरणे गणिती कल्पनांमधील संबंध शोधायला लावणारी होती, आणि तरीही चाचणीत दोन्हीकडची मुले वरच्या क्रमांकावर होती. खरा फरक अशा संबंध शोधायला लावणाऱ्या प्रश्नांचे फळ्यावर आल्यानंतर पुढे काय होते, यात होता. जपान आणि हाँगकाँगमध्ये त्यांतले जवळजवळ निम्मे प्रश्न शेवटपर्यंत त्याच पातळीवर हाताळले गेले. अमेरिकेत मात्र असे जवळपास एकदाही घडले नाही, कारण मुले अडखळताच शिक्षक रीत सांगून टाकत किंवा थेट उत्तरच देत. पाठ्यपुस्तकातला एकच प्रश्न दोन वर्गांत पाच मिनिटांच्या आत दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतो, आणि हे पाठ टाचणात दिसत नाही, तपासणीच्या नमुन्यात दिसत नाही, परीक्षेच्या निकालात तर मुळीच दिसत नाही. ते पाहायचे तर तासिकेतला तो क्षण थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहता आला पाहिजे.

जाहीर झालेल्या जपानी तासिकांपैकी भूमितीची एक तासिका प्रत्येक गणित शिक्षकाने पाहावी अशी आहे. दोन जमिनींमधला बांध मध्येच वाकलेला आहे, तो सरळ करायचा आहे, मात्र कोणाचेही क्षेत्रफळ कमी-जास्त होता कामा नये, असा प्रश्न शिक्षक विचारतात. (आपल्या खेड्यातल्या मुलांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.) एकाच पायावरच्या आणि समांतर रेषांच्या एकाच जोडीतल्या त्रिकोणांची क्षेत्रफळे समान असतात, याची उजळणी तासिकेच्या सुरुवातीला झालेली असते, पण तिचा इथे कसा उपयोग करायचा हे शिक्षक सांगत नाहीत. मुले आधी एकेकटी विचार करतात, मग एकमेकांशी बोलतात, काही जण सूचनांची कार्डे पाहतात आणि शेवटी दोघे-तिघे आपापली रीत फळ्यावर मांडतात. या साऱ्या वेळात शिक्षक वर्गात फिरत असतात आणि कोणाची वही कुठवर आली आहे ते पाहत असतात. ‘मुलांना विचार करू द्या’ हे वाक्य आम्ही शिक्षकांनी असंख्य वेळा ऐकले आहे, पण विचार करू देणे म्हणजे नेमके किती वेळ गप्प राहणे, कोणाला आधी बोलावणे आणि चुकीची आकृती काढलेल्या मुलाजवळ उभे राहून काय विचारणे, हे मला या चित्रफितीने जितके स्पष्ट केले तितके एकाही व्याख्यानाने केले नव्हते.

आमच्याच सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा एक प्रशासकीय गट) शाळांमध्ये ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून पाहत ज्ञान उभे करावे अशा, अध्यापनाचा जो प्रयोग झाला, तो पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. ते आपापल्या गावी परतल्यावर अनेक शाळांच्या फरशीवर मुलांनी भोवती बसून शिकावे यासाठी रंगीत आखणी झाली. शिक्षकांचा उत्साह खरा होता, पण एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांत भरते ती आखणी. त्या आखणीभोवती बसलेल्या मुलांशी शिक्षिका काय बोलते, कोणत्या उत्तरावर थांबते, कोणते उत्तर दुसऱ्या मुलाकडे सोपवते, हे धावत्या भेटीत हाती लागत नाही. त्या वर्गांतील अर्ध्या-अर्ध्या तासाच्या साध्या चित्रफिती शिक्षकांनी सावकाश अभ्यासल्या असत्या, तर फरशीबरोबर तो संवादही इतर शाळांत पोहोचला असता, असे मला मनापासून वाटते.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्रपातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद भरतेच. तिच्यात एका शिक्षकाने स्वतः निवडलेला दहा-बारा मिनिटांचा भाग सर्वांनी पाहावा, त्यातले बोलणे आधीच लिहून आणलेले असावे, सोबत मुलांच्या चार-पाच वह्या असाव्यात आणि चर्चा मुलांनी काय केले इथून सुरू व्हावी. तिपाईवर ठेवलेला मोबाइल पुरतो, मात्र पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात शिक्षकाच्या कॉलरला छोटा माइक लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही, एवढा खर्च करावाच लागेल. पहिल्या चर्चेसाठी सर्वांत सोपा विषय प्रश्नानंतरच्या शांततेचा आहे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात, हे मेरी बड रोव या संशोधिकेने १९७० च्या दशकात तासिकांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले. स्वतःच्या तासिकेतले हे सेकंद कोणताही शिक्षक मोजू शकतो.

परंतु ही चित्रफीत शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या गोपनीय अहवालाला किंवा वेतनश्रेणीला जोडली गेली, तर सारा उपक्रम त्याच दिवशी संपेल. शिक्षक पुन्हा तालीम केलेला आदर्श पाठच कॅमेऱ्यासमोर उभा करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने अमेरिकेत सुमारे ३,००० शिक्षकांच्या वर्गांवर जो अभ्यास झाला, त्यातही एका निरीक्षकाने एकाच तासिकेवरून दिलेले गुण विश्वासार्ह नसतात, असेच आढळले. म्हणून चित्रफितीची मालकी शिक्षकाकडे राहावी आणि परिषदेत अधिकारी आले तरी त्यांनी मूल्यांकनाचा कागद बाहेर ठेवून यावे.

मुलांच्या बाबतीत तर अधिक काटेकोर राहावे लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. टिम्सच्या अभ्यासातही संशोधनासाठीच्या तासिका गोपनीय ठेवून जाहीर दाखवण्याच्या तासिकांसाठी स्वतंत्र परवानगी घेतली होती. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर वर्गातले व्हिडिओ सहज टाकण्याची जी सवय आज पडली आहे, ती या कामात चालणार नाही. फळ्यासमोर अडखळलेल्या मुलाचा व्हिडिओ गावभर फिरणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्रत्येक जिल्ह्यातील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत (डायट) स्वेच्छेने पुढे येणाऱ्या काही केंद्रांत येत्या शैक्षणिक वर्षात हा उपक्रम सुरू करावा, आणि पालकांचे संमतिपत्र, चित्रफिती जपण्याचे नियम व मूल्यांकनासाठी त्या न वापरण्याची लेखी हमी या तीन गोष्टी पहिल्या चित्रीकरणाआधी शाळांच्या हाती द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा