चार टायर, एक नट आणि पेट्रोलचा कॅन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या प्रश्नमंजूषेत या खेपेस ‘डेटोना ५००’ या अमेरिकी मोटार शर्यतीवर तीन प्रश्न होते. गोव्यातल्या पेपरात फुटबॉलची जागा क्षणभर स्टॉक कारला, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीच्या धर्तीवरल्या शर्यतीच्या गाडीला मिळाली, हे बरेच झाले. पण त्यातली दोन उत्तरे चुकली आहेत आणि तिसऱ्यातली गंमतच सुटली आहे.

‘प्रत्येक चाकाला पाच नट’ हे उत्तर २०२१ पर्यंत बरोबर होते. २०२२ पासून नॅस्कारच्या, म्हणजे ही शर्यत भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, गाड्यांना १५ इंची लोखंडी रिमऐवजी १८ इंची अ‍ॅल्युमिनियमचे रिम आणि मधोमध एकच मोठा नट आला. पूर्वी पाचही नट चिकटद्रव्याने रिमला आधीच डकवून ठेवत. चाक बोल्टवर ढकलले की हवेच्या दाबाने नट फिरवणाऱ्या एअर गनने पाच ठोके, काम झाले. घाईत एखादा नट सैल राहिला तर चाक थरथरे, ड्रायव्हरला हाताला कळे आणि तो परत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टायर-पेट्रोलच्या थांब्यावर, येई. आता तो एक नट नीट बसला नाही तर चाकच सुटते, आणि चाक सुटले की पिटमधल्या माणसांवर निलंबनाची कारवाई होते. गन जरा तिरकी धरली तरी आटे चढतात, म्हणून वेगापेक्षा गन सरळ धरणाऱ्या हाताला किंमत आहे.

‘सर्वांत जलद पिट स्टॉप १.८० सेकंद’ हा आकडा खरा, पण तो मॅक्लारेनचा, कतारमधला, २०२३ चा, म्हणजे फॉर्म्युला वनचा. तिथे गाडीभोवती वीसेक माणसे असतात आणि २०१० पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आहे. डेटोनात २०१८ पासून पिटची भिंत ओलांडून गाडीपाशी जातात ती फक्त पाच माणसे: दोघे गनवाले, एक टायर वाहणारा, एक जॅकवाला, एक पेट्रोलवाला. टायर वाहणारा एकटाच असल्याने जॅकवाल्यालाही टायर उचलावा लागतो. गाडीला स्वतःचा जॅक नाही, त्यामुळे हातजॅकने एका वेळी एकच बाजू वर येते. आधी उजवी, भिंतीपासून लांबची, मग सगळे गाडीला वळसा घालून डावीकडे. काढलेला टायर घरंगळत गेला तर दंड, पिट रोडवर वेगमर्यादा ओलांडली तरी दंड. ही मर्यादा १९९१ साली आली, आदल्या वर्षी अटलांटात पिटमधला एक मेकॅनिक दोन गाड्यांमध्ये सापडून दगावल्यानंतर. गाडीत स्पीडोमीटर नसतो, म्हणून ड्रायव्हर इंजिनाच्या फेऱ्यांवर वेग साधतो. चार टायरांना नऊ-दहा सेकंद म्हणजे उत्तम काम.

आणि तरीही डेटोनात घड्याळ टायरांचे नसते, पेट्रोलचे असते. मागच्या डाव्या कोपऱ्यावर पेट्रोलवाला खांद्यावर ११ गॅलनचा, म्हणजे सुमारे ४२ लिटरचा कॅन घेऊन वाकलेला असतो. पंप नाही, दाब नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. टाकी २० गॅलनची, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास. ती काठोकाठ भरायची तर दोन कॅन लागतात आणि तोवर चारही टायर बदलून झालेले असतात. अडीच मैलांच्या या ट्रॅकवर वळणे ३१ अंश कललेली. गाड्या एकमेकींच्या हवेच्या आडोशाने घोळक्यात धावतात, घोळका सुटलेली गाडी एकटी पडून मागे राहते. म्हणून हल्ली घोळक्यातले ड्रायव्हर मुद्दाम अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर चालवतात. वाचलेल्या पेट्रोलमुळे पिटमधले सेकंद वाचतात. २०० फेऱ्यांच्या शर्यतीत मधल्या फेऱ्या संथ का दिसतात, याचे उत्तर इथे आहे.

ही अक्कल नवी नाही. १९६३ मध्ये वूड ब्रदर्स या संघाच्या गाडीने टायनी लुंडने शर्यत जिंकली ती टायरांच्या एकाच संचावर. १९८१ मध्ये शेवटच्या थांब्यावर रिचर्ड पेटीने टायरांना हात लावू दिला नाही, फक्त पेट्रोल घेतले आणि सातव्यांदा डेटोना जिंकली. प्रश्न विचारायचा तर हा विचारावा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, पहिला विजेता ली पेटी, बरोबर आहे. पण २२ फेब्रुवारी १९५९ ला विजेता म्हणून जाहीर झाले होते जॉनी बोशँप. रेषेवर तीन गाड्या शेजारी शेजारी होत्या, त्यातली एक गाडी एका फेरीने मागे होती. छायाचित्रे आणि फिल्म तपासून निकाल फिरवायला तिसरा दिवस उजाडला.

आता थोडे इथले. असले व्हिडिओ पाहून एअर गनने चाक आवळून गाडी सोडून देणारी पोरे म्हापशापासून मडगावपर्यंत दिसतात. शर्यतीतले चाक तासाभरात पुन्हा उघडायचे असते, तुमचे वर्षभर उघडत नाही. चाकाचे नट आधी हाताने चार आटे फिरवावेत, मग समोरासमोरचे अशा क्रमाने आवळावेत आणि शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर लागताच ‘टक’ करणाऱ्या पान्याने, करावा. छोट्या गाड्यांना हा आकडा साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका मॅन्युअलमध्ये पाहावा. आपल्या खाऱ्या हवेत हबवर, म्हणजे चाक जिथे टेकते त्या भागावर, गंजाचा पापुद्रा धरतो. तो वायर ब्रशने न काढता चाक चढवले तर पाना ‘टक’ करतो, नट घट्ट वाटतो, आणि पापुद्रा चुरला की तोच नट सैल होतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावावा. बोल्टला ग्रीस लावू नये, त्याने त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो.

पहिल्या दोन उत्तरांची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपले,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक,
फोंडा, गोवा