बोटं टेकली म्हणजे कंबर लवचिक?

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतली लवचिकतेची ‘घरगुती चाचणी’ वाचली. उभ्याने वाका, बोटं जमिनीला टेकली तर कणा तरुण, नाही तर म्हातारा. निकाल पाच सेकंदांत. आम्ही उगाच टेप आणि कोनमापक घेऊन बसतो म्हणायचं!

वाकण्यात मोठा वाटा खुब्याचा आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचा असतो. ते सैल असले की कंबरेचे मणके फळीसारखे ताठ असूनही बोटं टेकतात. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा हळूहळू ताठर करणारा संधिवात, सुरू झालेला तरुण तुमच्या चाचणीत सहज पास होऊ शकतो. उलट कणा ठणठणीत आणि हॅमस्ट्रिंग आखडलेले, तर हात नडगीपाशीच अडतात.

कंबर मोजायची तर शोबरची सुधारित पद्धत आहे. कंबरेखाली दोन बाजूंना खळ्या असतात, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मधोमध पेनाने खूण करा. तिच्या वर 10 सेंमी आणि खाली 5 सेंमीवर आणखी दोन. खुणा ताठ उभं असतानाच करायच्या, वाकल्यावर कातडी आधीच ताणलेली असते. मग गुडघे सरळ ठेवून वाकायला सांगा. वरच्या-खालच्या खुणांमधले 15 सेंमी निदान 20 व्हायला हवेत. टेप पाठीला चिकटून धरा, झोळ पडला की आकडा फुगतो.

‘जितकं वाकाल तितकं उत्तम’ हे तर कहरच. सांधे गरजेपेक्षा सैल आहेत का हे पाहायला बायटन मोजणी वापरतात. एकूण 9 गुण. करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा यांचे दोन्ही बाजूंचे मिळून 8. नववा कशाचा? गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकण्याचा! तुम्ही ज्याला शाबासकी देता, तीच ही खूण.

शेवटी ‘साठीनंतरही रोज दहा झटके द्या’ असा सल्ला आहे. हाडं ठिसूळ झालेल्या बाईने वाकताना असे झटके दिले, तर मणक्याचा पुढचा भाग दबून मणका पाचरीसारखा होऊ शकतो. ‘डॉक्टरांना विचारा’ ही ओळ छापली आहेत, नाही असं नाही. सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आणि छायाचित्रातल्या बाईंचे गुडघे वाकलेले आहेत.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा