ब्रेड मेकर विकता, मग त्याचं भांडं का देत नाही?

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या अंकात दिवाळी ऑफरची पानभर जाहिरात आली होती, त्यात मिक्सर, एअर फ्रायरच्या रांगेत ब्रेड मेकरचा पण फोटो होता आणि बटण दाबलं की ब्रेड तयार अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं. ती बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र. पीठ तिंबून, फुगवून, भाजून देणारं हे मशीन आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे, त्यातली अडीच वर्षं मी ते आठवड्यातून दोनदा तरी लावलं, आणि आता सहा महिने झाले ते ओट्याखाली कापडात गुंडाळून पडलंय. मोटार चांगली, हीटर चांगला, फक्त आतलं भांडं गेलं आणि ते भांडं कुठेच मिळत नाही.

मशीन घेतलं ते सासऱ्यांसाठी. बाबांचं वय 79, कवळी नीट बसत नाही, पोळी चावत नाही, त्यामुळे सकाळी दुधात कुस्करलेला ब्रेड हाच त्यांचा नाश्ता. त्यात बीपी, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, आणि दुकानातल्या ब्रेडमधलं मीठ आपण कमी करणार कसं? ब्राऊन ब्रेड म्हणून आणायचे ते पाकीट एकदा चष्मा लावून वाचलं तर पहिलाच घटक मैदा आणि खाली रंग 150ए, म्हणजे कॅरामलचा तपकिरी रंग. शिवाय 2016 ची ती बातमी डोक्यात होतीच, दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं ब्रेड-पावाचे 38 नमुने तपासले तेव्हा 84 टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट ही पिठात मिसळायची रसायनं सापडली होती आणि मग त्याच वर्षी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ब्रोमेटवर बंदी आणली. बेकरीवाल्यांवर माझा राग नाही हो, दिवाळीआधी पत्र्याचा डबा, मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई करून आणायला बेकरीत रांग लावणारं आमचं घर आहे. पण रोज जे माणूस खातं त्यात काय पडतंय ते आपल्या हातात असावं एवढंच वाटत होतं. साडेनऊ हजार रुपये मोजले, माझ्यासाठी ते थोडे नव्हते.

मशीनबरोबर पुस्तिका आली ती इंग्रजीत, आणि पाककृती सगळ्या ब्रेड फ्लॉरच्या, म्हणजे ब्रेडसाठीच्या खास जास्त ग्लुटेनच्या मैद्याच्या. अकोल्यात कुठल्या किराणा दुकानात ब्रेड फ्लॉर मागायचं? मी आपलं गिरणीतून आणलेलं लोकवनचं पीठ घातलं, पुस्तिकेतल्या मापानं पाणी घातलं आणि पावणेचार तासांनी जे निघालं ते उलटं करून ठोकलं तर वीट वाजावी तसं वाजलं. नंतर हळूहळू कळत गेलं की आपल्या गिरणीच्या जात्यात पीठ बारीक दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण फुटतात, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं आणि त्याच्यामुळेच तर पोळी मऊ राहते. पण ब्रेडला फुगायला ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी लागते आणि पिठातला कोंडा ती जाळी जागोजागी कापतो. म्हणजे जे पीठ पोळीला सोनं तेच ब्रेडला अवघड. हे चार ओळींत पुस्तिकेत लिहिता आलं नसतं का?

मीठ कमी केल्यावर तर वेगळीच गंमत. ब्रेड काचेच्या झाकणापर्यंत फुगला, बाबा खुर्ची ओढून बघत बसलेले, आणि भाजायला लागल्यावर पाचच मिनिटांत मधोमध बसला, पार खड्डा. मीठ चवीपुरतं नसतं, ते यीस्टला आवरतं. मीठ निम्मं केलं की यीस्ट सुसाट सुटतं, म्हणून यीस्टही कमी करावं लागतं. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा 44 वर, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच हात भाजेल असं. पुस्तिका म्हणते कोमट पाणी घ्या! मी माठातलं पाणी घ्यायला लागले आणि तिथून ब्रेड सुधारला.

शेवटी जे जमलं ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते, ज्यांच्याकडे मशीन चालू आहे त्यांनी करून बघा. गव्हाचं पीठ 200 ग्रॅम, मैद्याच्या चाळणीनं चाळून, मैदा 150 ग्रॅम, ऑनलाइन मिळते ती ग्लुटेनची पावडर एक मोठा चमचा, पाणी 240 मिली, गूळ आणि तेल एकेक मोठा चमचा, मीठ अर्धा चहाचा चमचा, इन्स्टंट यीस्ट उन्हाळ्यात पाऊण आणि थंडीत एक चहाचा चमचा. आधी पाणी, मग पीठ, मीठ एका कोपऱ्यात, यीस्ट वर मधोमध खळगा करून. आणि मुख्य म्हणजे बटण दाबून निघून जायचं नाही. पहिली पाच-सात मिनिटं झाकण उघडून बघायचं, पातं फिरताना गोळा त्याच्यामागे गुळगुळीत फिरला पाहिजे, पुरणपोळीच्या कणकेसारखा सैल पण भांड्याला न चिकटणारा. कडेला कोरडं पीठ राहिलं तर चमचाभर पाणी, भांड्याला लगदा लागला तर चमचाभर पीठ. हे एवढं बघितलं की बाकीचे तीन तास खरंच काही करावं लागत नाही. ब्रेडच्या बुडाला पात्याचं भोक पडतं ते पडतंच. खर्चाचं म्हणाल तर माझ्या हिशोबानं एक ब्रेड तीस रुपयांच्या आत पडतो, वीज अर्ध्या युनिटच्या आसपास, पण पैसे वाचवायला म्हणून कुणी मशीन घेऊ नये, साडेनऊ हजार वसूल व्हायला वर्षं लागतात.

लाईट गेली तर मात्र पंचाईत. आमच्या मशीनला दहा मिनिटांची मेमरी आहे, तेवढ्यात लाईट आली तर पुढून सुरू, नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि फुगलेलं पीठ पुन्हा तिंबायला लागतं. एकदा भाजायच्या वेळेलाच लाईट गेली, तासभर आलीच नाही, तेव्हा मी तो गोळा केकच्या डब्यात काढून कुकरमध्ये भाजला, तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून. वरून पांढराच राहिला पण बाबांनी आवडीनं खाल्ला.

आता मूळ तक्रार. अडीच वर्षांनी एके दिवशी मशीनखाली ओट्यावर पाणी दिसलं. भांड्याच्या बुडातून जी दांडी जाते, जिच्यावर पातं बसतं, तिच्या भोवतीचं सील झिजलं होतं आणि पीठ तिंबून होईपर्यंत पाणी खाली हीटरवर ठिबकत होतं. सर्व्हिस सेंटरला फोन केला. आधी म्हणाले फोटो पाठवा, मग म्हणाले मॉडेल बंद झालं, सुटं भांडं येत नाही, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली. आमच्या भागातल्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे भांडं घेऊन गेले, त्याचा हात फार चांगला आहे, तीस वर्षांचा मिक्सर त्यानं चालू करून दिलाय. त्यानं भांडं पालथं करून दाखवलं, बुडाला आटे नाहीतच, सगळं रिव्हेटनं ठोकलेलं. म्हणाला ताई, मिक्सरच्या जारचा बुश उघडून बदलता येतो, हे उघडायलाच ठेवलं नाही. तरी त्यानं रिव्हेट काढून जारचं रबर बसवून दिलं, पैसेही घेत नव्हता. पहिल्याच वेळी भाजताना घरभर रबराचा वास, तो ब्रेड मी टाकून दिला. बोटाच्या पेराएवढ्या सीलसाठी सहा किलोचं मशीन अडगळीत!

जपानमध्ये मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) कंपनी हे मशीन बनवत होती तेव्हाची गोष्ट मला फार भावते. पीठ काही केल्या नीट तिंबलं जाईना, तेव्हा इकुको तनाका नावाच्या त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाई ओसाकाच्या एका हॉटेलात मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या, तो कणीक नुसती ताणत नाही तर ताणताना पिळतोही हे त्यांनी हातानं शिकून घेतलं, मग इंजिनिअर लोकांनी भांड्याच्या आत उंचवटे दिले आणि 1987 साली मशीन बाजारात आलं. तिथल्या लोकांना कसा ब्रेड लागतो यासाठी कुणीतरी एवढे कष्ट घेतले. मग आमच्या गिरणीच्या पिठासाठी, आमच्या उन्हाळ्यासाठी, आमच्या लाईटसाठी कुणी एक मराठी पुस्तिका पण लिहू नये?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणं आहेत. मग भांडं आणि पातं या झिजणाऱ्याच वस्तू आहेत, त्यांची किंमत आणि त्या किती वर्षं मिळतील हे खोक्यावर छापायला काय हरकत आहे? मशीन विकणाऱ्या सगळ्याच कंपन्यांनी याचं उत्तर तुमच्या पेपरातून द्यावं अशी माझी विनंती आहे. मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवलीय. आणि या दिवाळीत जे घ्यायला निघालेत त्यांनी दुकानात पैसे द्यायच्या आधी एकच विचारा, सुटं भांडं केवढ्याला आणि आत्ता दाखवता का. दाखवलं नाही तर घेऊ नका.

बाबा अजून अधूनमधून विचारतात, भांडं आलं का गं. सध्या मी त्यांना पोळीच दुधात भिजवून देते.

आपली,
एक नियमित वाचक, अकोला