मामाचा लॅपटॉप विकू नकोस

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

मामाचा जुना लॅपटॉप विकून नवा घ्यावा असं तू म्हणालास, आणि बाबा त्याला हो म्हणाले होते. त्यांना मी थांबवलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, आणि फोनवर तू "बरं, बरं" म्हणून मध्येच ठेवून देतोस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वावरातली दुसरी वेचणी अजून व्हायची आहे. कापसाला भाव काय लागेल ते गाडी बाजारात उभी राहिल्यावरच कळतं, आणि लॅपटॉपचा हप्ता त्यासाठी थांबत नाही. आजी म्हणतात, "पोराले नवा घेऊन द्या ना, काहून जुन्यावर भागवता?" त्यांची माया मला समजते. खोलीतली मुलं हसतात असं तू सांगितलंस, तेही मनाला लागलं. पण पैसे बाजूला ठेवले तरी माझं म्हणणं तेच राहील. तो लॅपटॉप अजून चांगला आहे, आणि त्याला पुन्हा कामाला लावणं तुला जमण्यासारखं आहे.

मामाने तो २०११ साली घेतला. आय३ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. पहिल्या तीन वस्तू आजही धड आहेत, मागे पडली ती विंडोज. तिची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाली. क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासून तिच्यावर येत नाही, म्हणून तुझ्याकडे काही साइट अर्धवट उघडतात. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तर इतका जुना प्रोसेसर अधिकृतपणे घेतच नाही. तालुक्याच्या दुकानात गेलास तर "विंडोज मारून देतो" म्हणतील. ती बहुतेक चोरीची कॉपी असते, आणि तिच्यात आणखी काय भरलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच लॅपटॉपवर तू शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणार, आधार आणि बँकेचे आकडे टाकणार. ते मला चालणार नाही.

त्यावर लिनक्स टाक. तीही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, पण मोफत. लिनक्स मिंट घे, आणि त्यातली एक्सएफसीई नावाची आवृत्ती घे. मिंटच्या आवृत्त्यांत जुन्या मशीनला ती सगळ्यात हलकी. तिला कमीत कमी २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, ४ जीबी रॅम असली तर आरामात चालते. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तुझा डिप्लोमा होऊन वर काही काळ उरेल. दिसायला ती विंडोजसारखीच आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू. एमएससीआयटीत जे शिकलास त्यातलं फारसं काही वाया जाणार नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या शाळेतले जुने संगणक निर्लेखनाच्या यादीत जायचे होते, डेडस्टॉक रजिस्टरला तशी नोंदही तयार होती. ते मी उघडून साफ केले आणि त्यांच्यावर हीच सिस्टिम टाकली. आता तिसरी-चौथीची पोरं त्यावर जीकॉम्प्रिस नावाचे शैक्षणिक खेळ खेळतात, आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर आपलं नाव, गावाचं नाव टाइप करतात. उघडल्यावर आत काय दिसलं ते तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्याही लॅपटॉपमध्ये थोडंफार तेच असणार. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा जाड थर बसला होता. वारा कुठूनच जात नव्हता. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि माणसाला वाटतं मशीन म्हातारं झालं. मऊ ब्रशने ते हळूहळू काढलं, पंखा बोटाने धरून ठेवून, म्हणजे तो उलटा गरगरत नाही. मग रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट डाग आले होते. पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासले, रबराचा चुरा फुंकून टाकला, पट्टी खाचेत बसवली आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक्‌ करून लागू दिल्या. जो संगणक नुसता बीप-बीप करायचा तो सुरू झाला. तू करशील तेव्हा आधी चार्जर काढ, बॅटरी काढ, आणि एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ दे.

घड्याळाचंही असंच. शाळेतल्या संगणकाची तारीख रोज मागे जायची, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायचा. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि संगणकाला वर्षच चुकीचं वाटत असलं की ते प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२, बदलली आणि प्रश्न मिटला. तुझ्या लॅपटॉपवर साइट उघडत नसतील तर आधी तारीख बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टॉल करताना डिस्क पूर्ण पुसली जाते. त्यात मामाच्या लग्नाचे फोटो आहेत, आजोबांचे शेवटचे फोटो आहेत, आणि बाबांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारा आणि फेरफार आहेत. ते सगळं आधी बाहेर काढ. नुसतं कॉपी करून भागत नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून बघ, आणि मग तीच सामग्री आणखी एका जागी ठेव. लोक "माय डॉक्युमेंट्स" बघतात आणि डेस्कटॉप विसरतात, डाउनलोडचं फोल्डर विसरतात. मामाला फोन करून विचार, आणखी कुठे काही ठेवलं होतं का. मामाने हो म्हणेपर्यंत पुढचं पाऊल टाकू नकोस.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. तुझा रोजचा डेटा दीड जीबी, म्हणजे एका दिवसात ती उतरणार नाही, आणि ब्राउझरमधून मध्येच तुटली तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून घे. नाहीच जमलं तर टोरेंटने घे, म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकड्या-तुकड्यांनी. मिंटवाले स्वतःच टोरेंट देतात, त्यात काही गैर नाही, आणि ते जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. फाइल उतरल्यावर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलवरून काढलेली अक्षर-आकड्यांची लांब ओळ, साइटवर दिलेल्या बेरजेशी ताडून बघ. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाइल कामाची नाही. नुसती पेनड्राइव्हवर टाकूनही भागत नाही, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती उतरवावी लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घे, आणि मामाचे फोटो ज्यात ठेवले तो अजिबात घेऊ नकोस, कारण रूफस तोही पुसतो.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबावी लागते, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडता येतं. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कला हात न लावता. इथे घाई करू नकोस. वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, उजेड कमी-जास्त होतो का, झाकण लावून उघडल्यावर जागं होतं का, सगळं बघ. पेनड्राइव्हवरून ते रेंगाळत चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नकोस. वाय-फाय दिसलं नाही तर फोन केबलने जोड आणि यूएसबी टिदरिंग चालू कर, इंटरनेट लगेच येतं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचा ड्रायव्हर घेता येतो. गावात मीही असंच करते, आपल्याकडे दुसरं इंटरनेट आहेच कुठे.

सगळं ठीक वाटलं की इन्स्टॉल. तुझ्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही धरत नाही, म्हणून लाइन जायच्या वेळी बसू नकोस. होस्टेलच्या ज्या प्लगला इन्व्हर्टर आहे तो शोध. डिस्क पुसताना लाइन गेली तर मशीन खराब होत नाही, पण सगळं पुन्हा करावं लागतं. "इरेज डिस्क" असं विचारेल तेव्हा डिस्कचा आकार वाचून बघ, ३२० जीबीच्या आसपास लिहिलेलं असलं पाहिजे. विंडोज शेजारी ठेवायचा पर्यायही येईल. तो घेऊ नकोस. ज्या विंडोजला अपडेट नाहीत ती कशासाठी सांभाळायची? बाकीचे प्रश्न सोपे आहेत, भाषा, वेळेसाठी कोलकाता, नाव आणि पासवर्ड. पासवर्ड वहीत लिहून ठेव.

काय मिळणार नाही तेही आताच सांगते. एमएस ऑफिस, फोटोशॉप, ऑटोकॅड, टॅली यावर सरळ बसत नाहीत. वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण कधी रकाने सरकतात, म्हणून सरांना पाठवताना पीडीएफ करून पाठव. काही प्रिंटर त्रास देतात. जुन्या मराठी फाँटमधल्या फाइली, म्हणजे कृतिदेव वगैरे, उघडल्या की रोमन अक्षरांचा काला दिसेल. घाबरू नकोस, फाइल बिघडलेली नसते, तो फाँट टाकला की मराठी दिसू लागतं. आमच्या शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मी अशाच वाचते, आणि नवीन सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या मराठीत, करते. तुझ्या अभ्यासाचं मात्र काही अडणार नाही. सी आणि पायथन दोन्ही यावर उत्तम चालतात, आणि पुढे ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय येईल तेव्हा लिनक्सच्या कमांड तुझ्या रोजच्या वापरातल्या असतील.

"फुकटचं आहे म्हणजे हलकंच असणार" असं तुझा रूममेट म्हणाला ना? त्याला सांग, जगातल्या सर्वात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. त्याच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मोफत सॉफ्टवेअरवर शिकवतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाची लिनक्स काढली. हे सुरू करणारा लिनस टॉरव्हाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा होता. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने लोकांना कळवलं की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे. त्याच्या आधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन आणि त्याचे सोबती ग्नू प्रकल्पात हेच मागत होते की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून बघता यावं, बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं. आजोबा घरच्या ज्वारीचं बी राखून ठेवत आणि शेजाऱ्याने मागितलं तर पायलीभर देत; बीटी कपाशीचं पाकीट मात्र दर हंगामाला विकत आणावं लागतं. लिनक्सचा परवाना मला त्या ज्वारीच्या बियाण्यासारखा वाटतो. तू ती घेतलीस म्हणून कुणाचं काही कमी होत नाही, आणि तुझ्या मित्राला दिलीस तर ती चोरी होत नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना मी हक्काने देऊ शकते अशा वस्तू फार थोड्या आहेत, त्यातली ही एक.

रॅमसाठी पैसे तुझ्या खात्यावर टाकले आहेत. लॅपटॉपच्या खालचं छोटं झाकण उघडून खाच रिकामी आहे का ते आधी बघ. डीडीआर३ ची, लॅपटॉपची आखूड पट्टी घ्यायची. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. जुनी वापरलेली मिळाली तरी चालेल, पण दुकानातच लावून, संगणक पूर्ण ४ जीबी दाखवतो का ते बघून मग पैसे दे. त्यातून पैसे उरले तर एसएसडीसाठी बाजूला ठेव. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी ती लावली की सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. पण ते पोळ्यानंतर, आत्ता नाही.

मी तिथे येऊन करून देऊ शकते. पण ते तू करावंस अशी माझी इच्छा आहे, पडद्यावरचं प्रत्येक वाक्य वाचून. अडलास तर पडद्याचा फोटो काढून पाठव, मी शाळेतून आल्यावर बघीन. रविवारी दिवसभर घरीच आहे.

तुझी
आई

ता. क. संक्रांतीला येशील तेव्हा तोच पेनड्राइव्ह घेऊन ये. शाळेत आणखी एक संगणक पडून आहे, त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ चा ते मला अजून बघायचं आहे. ३२ चा निघाला तर ही मिंट चालणार नाही, त्याला डेबियन १२ किंवा अँटीएक्स अशी दुसरी लिनक्स बघावी लागेल. ते दोघं मिळून करू.