काका, सहा आठवडे रिकाम्या टाकीबद्दल

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. सोसायटी सोडून नाशिकला निघायच्या दिवशीसुद्धा टेम्पोत सामान चढत होतं, झाकणाची बादली दोन पायांत धरून तुम्ही पुढच्या सीटवर बसला होतात, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "त्या अनुबियासच्या पानाखाली गोगलगायीची अंडी आहेत, बघून घे." म्हणून हे उघड पत्र. चारचौघांत लिहिलं की तुम्हाला अडवता येणार नाही. शिवाय आता सोसायटीतले तिघं-चौघं माझ्याकडे माशांच्या टाकीचं विचारायला येतात. त्यांना मी जे ठणकावून सांगते त्यातलं माझं काहीच नाही, हेही कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं.

सुरुवात आठवते ना? लेकीच्या वाढदिवसाला मी गोल काचेचं भांडं आणलं होतं. दोन गोल्डफिश, एक काळा सकर, निळे खडे आणि प्लास्टिकचं झाड. दुकानदार म्हणाला होता, सकर घाण खातो, तुम्हाला साफ करावं लागणार नाही. तरी मी साफ करत होते. रोज सगळं पाणी ओतायचं, खडे नळाखाली खसाखसा घासायचे, ताजं पाणी भरायचं. आठव्या दिवशी पहिला गोल्डफिश गेला. मग निळं औषध झालं, पिवळं औषध झालं, आणि दहाव्या दिवशी दुसरा. त्याला जास्वंदीखाली पुरायला आम्ही खाली उतरलो तेव्हा लेक हुंदके देत होती आणि तुम्ही बाकावर पेपर वाचत होतात. मासा कुठला, केवढ्याचा, काही नाही. एवढंच विचारलंत, "पाणी किती दिवसांचं होतं?"

मी म्हटलं, "रोज ताजं!"

"अरेरे," म्हणालात, आणि पेपराची घडी घातलीत.

तोवर कुणी मला सांगितलंच नव्हतं की माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, आणि त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. नदीत, तळ्यात तो पांगतो. चार लिटरच्या भांड्यात कुठे जाणार? त्याची वाट लावणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून बसतात. म्हणजे मी रोज नळाखाली घासून काढत होते ते तेच. वरून नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. "तू घर साफ करत नव्हतीस गं, घरातली माणसं हाकलत होतीस," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा रागच आला होता. आता तेच वाक्य मी लोकांना ऐकवते.

सकर तेवढा जगला होता. तो तुम्ही तुमच्या चार फुटी टाकीत नेलात.

मग माझी दीड फुटी टाकी आली. दीड बाय एक बाय एक, भरली की साधारण 42 लिटर. त्या टाकीसाठी तुम्ही मला किती कामाला लावलंत! खाली थर्माकोल, कारण स्टँडचा एखादा कोपरा जरी उंच असला तरी काचेला ताण येतो. बागेतली साधी माती, शेणखत अजिबात नसलेली, दोनदा चाळून दोन बोटं. तिच्यावर जाड वाळू, धुऊन धुऊन माझे हात सोलवटले तरी तुम्ही म्हणायचात, अजून गढूळ आहे. दगड टाकायच्या आधी त्यावर व्हिनेगर टाकून बघायचं, फसफसलं तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करणार. आपला सह्याद्रीचा काळा दगड फसफसला नाही याचा तुम्हाला झालेला आनंद मी विसरणार नाही. जणू तुम्हीच घडवला होता.

झाडं मात्र भरपूर दिलीत. मागे व्हॅलिस्नेरिया, बाजूला हायग्रोफिला, पुढे क्रिप्टोकोरीन, लाकडाला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, ते उघडंच ठेवायचं, हे तीनदा बजावलंत आणि मी तरी एकदा पुरलंच. आईने कुंडीत लावलेली ब्राह्मी तुम्ही कात्रीने छाटून टाकीत खोचलीत तेव्हा आई बघतच राहिली. पानांचा आकार जरा बदलला, पण आजही ती ब्राह्मी तिथेच आहे. आणि मनी प्लांटची एक फांदी मुळं पाण्यात सोडून कडेला अडकवलीत, नायट्रेट ओढून घेते म्हणून. क्रिप्टोकोरीनची पानं आठवड्यात विरघळून लगदा झाली तेव्हा मी उपटायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. जागा बदलली की ते रुसतं, मुळं शाबूत असली की नवी पानं काढतं. काढली.

आणि मग मासे? मासे नाहीत. झाडं, दिवा, फिल्टर सगळं चालू, आणि आत एकही मासा नाही. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं, ते कुजून अमोनिया होऊ दे म्हणून. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, विचारायचे, लपलेत का? वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर सांगूनच गेल्या, आठ लाल आणि एक काळा ठेवा, पैसा येतो. नवरा म्हणाला, आपल्याकडे पाण्याचा बंगला आहे, भाडेकरू नाहीत. लेक रोज शाळेतून आल्यावर विचारायची, "आज?" आणि मी तुमच्या वतीने नाही म्हणायचे. वाईटपणा माझ्याकडे, काका.

पण त्या काचेच्या नळ्यांचा मला नाद लागला, हे कबूल करते. दर तिसऱ्या दिवशी टेस्ट किटचे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं रंगाकडे बघत बसायचं. अमोनियाची नळी आधी पिवळी, मग हिरवी, मग आणखी गडद हिरवी. तिसऱ्या आठवड्यात ती परत पिवळटायला लागली आणि नायट्राइटची निळी नळी जांभळी झाली. मी घाबरून धावत आले, तर तुम्ही चहा पीत म्हणालात, "छान. म्हणजे पहिली पाळी कामावर आली. दुसरीची वाट बघ." त्या दिवशी तुम्ही डार्करूमच्या गोष्टी सांगितल्या होत्या. स्टेशनजवळच्या तुमच्या स्टुडिओत लाल दिव्याखाली तीस वर्षं ट्रे हलवलेत. फोटो पक्का करायला तुम्ही जो हायपो वापरायचात, तेच सोडियम थायोसल्फेट नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला टाकीवाले वापरतात, हे ऐकून मला फारच मजा वाटली. स्टुडिओ बंद करताना उरलेली खड्यांची बरणी तुम्ही टाकीसाठी जपून ठेवली होतीत. पाण्यातली बाग हा प्रकार जगभर ज्याने नेला तो जपानचा ताकाशी अमानोही फोटोग्राफरच, आणि त्याच्याही आधी सायकलच्या शर्यतीतला खेळाडू, हे तुमच्याकडूनच कळलं. तुमच्या दृष्टीने तो बिरादरीतलाच. दिव्याला टायमर लावून सात तासांवर बांधलात तेव्हा म्हणालात, "जास्त एक्सपोजर दिलं की शेवाळ. इथेही फोटो जळतोच." काचेवर तपकिरी साय धरली तेव्हा मात्र काहीच करू दिलं नाहीत. नव्या टाकीत ती येते आणि जाते, म्हणालात. गेली.

एकोणचाळिसाव्या दिवशी दोन्ही नळ्या कोऱ्या निघाल्या, ना अमोनिया ना नायट्राइट. मी यादी घेऊन आले. दोन एंजल, सहा निऑन, चार गप्पी, आणि आमचा सकर परत. यादी वाचून तुम्ही कात्री मागितलीत आणि जुना पेपर.

तो रविवार माझ्या लेकीला जन्मभर पुरणार आहे. तुम्ही पट्टीने मापून एकेक मासा कापलात, दुकानात दिसतो तेवढा नव्हे, पूर्ण वाढल्यावर होतो तेवढा. आणि सेलोटेपने काचेवर चिकटवत गेलात. एंजल पंखांसकट उभा धरला तर टाकीची अर्धी उंची गेली. गप्पी छोटे, पण एकीच्या पोटातून महिन्याभरात वीस-पंचवीस पिल्लं, म्हणून तुम्ही लेकीला कागदाचे बारीक तुकडे करायला बसवलंत आणि तेही चिकटवलेत. शेवटी सकर. त्याला पेपराचं आख्खं पान लागलं. फूटभराहून मोठा तो मासा एका बाजूच्या काचेपासून जवळजवळ दुसरीपर्यंत आडवा झाला, आणि मागची झाडं दिसेनाशी झाली. लेक म्हणाली, "हा वळणार कसा?" तुम्ही म्हणालात, "बघ, तुझ्या आईला विचार." असे वाढलेले सकर मग लोक गणपती विसर्जनाच्या तळ्यात नाहीतर नदीत नेऊन सोडतात, आणि आपल्या देशातल्या कितीतरी पाण्यांत ते आता माजलेत, तिथल्या माशांच्या तोंडचं खातात. ते सांगताना तुमचा आवाज चढला होता. एरवी कधी चढत नाही.

शेवटी काय आलं? आठ एम्बर टेट्रा. ब्राझीलचा, शेंदरी रंगाचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा मासा. आधी चार, दोन आठवड्यांनी आणखी चार, म्हणजे जिवाणूंना वाढायला सवड मिळते. आणि महिन्याने दहा चेरी कोळंब्या. आई म्हणाली, "एवढा खटाटोप करून कोळंबीच आणायची होती, तर बाजारात काय कमी होती?" पण त्या आल्या तशा ब्राह्मीच्या पानांवर बसून इवल्या हातांनी शेवाळ वेचायला लागल्या, आणि आता संध्याकाळी आईचीच खुर्ची टाकीसमोर असते. मासे आमच्यासारखेच गुरुवार करतात, त्या दिवशी खाद्य नाही. हाही तुमचाच नियम, वार तेवढा आईचा.

मे महिन्यातली गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण तेव्हा तुम्ही नाशिकला गेला होतात आणि तरी धावून आलात. दोन दिवस पाणी नव्हतं, सोसायटीत टँकर आला. मी नेहमीसारखं शनिवारी दहा लिटर पाणी बदललं, हायपो टाकून, सगळं रीतसर. सकाळी तीन कोळंब्या आडव्या. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न तोच विचारलात, जास्वंदीखाली विचारला होतात तसा: "पाणी कुठलं?" आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आणून मोजलं, तर टाकीत एरवी 140 असायचं, आणि टँकरच्या बोअरच्या पाण्यात 780. मी घाईघाईने परत सगळं बदलायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस, एक धक्का बसलाय, दुसरा देऊ नकोस. रोज पेलाभर आरओचं पाणी, थेंबाथेंबाने, एअर पंपाच्या नळीला गाठ मारून. आठ दिवस मी ती गाठ सैल-घट्ट करत बसले. उरलेल्या सात वाचल्या, आणि श्रावणात त्यांतल्या एकीच्या पोटाखाली पिवळी अंडी दिसली. आता मोजणं सोडलंय.

आता तक्रार. आभाराच्या पत्रात तक्रार शोभत नाही, पण तुम्हाला चालेल.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, हे शिकवताना तुम्ही तुमच्या चार फुटी टाकीतला स्पंज बाहेर काढला होतात. काळाकुट्ट, वर्षानुवर्षांचा. त्यातून गाळ निघताना बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळे जिवाणू तर यात आयते आहेत! याचा एक तुकडा कापून पहिल्याच दिवशी माझ्या फिल्टरमध्ये टाकला असता तर सहा आठवड्यांचं काम आठवड्यावर आलं असतं. मी तसं विचारलं. तुम्ही स्पंज पिळत राहिलात. मग म्हणालात, "हो, आलं असतं. आणि तू दुसऱ्या दिवशी बारा मासे आणले असतेस."

आणले असते. यादी तयारच होती.

परवा तुमच्या लेकीचा फोन आला. म्हणाली, बाबांनी हॉलमध्ये आणखी एक टाकी लावलीय, छोटी, नातवासाठी. माती, वाळू, झाडं झालीत, मासे नाहीत, आणि नातू रोज "आज?" विचारतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाशिकला येतोय. माझ्या स्पंजचा अर्धा तुकडा कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्यातून घेऊन येते. नातवाला तसं सांगून झालंय. तुम्हाला काय करायचं ते करा.

तुमची,
बी विंगमधली जास्वंदीखालची