आधी बिले फेडा, मग कारखाना आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान शहरांतल्या बेकारीबद्दल आपल्या अंकात वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत बहुतेकांचा इलाज एकच असतो : एखादा मोठा प्रकल्प आणा. प्रचारसभांतही तेच ऐकू येते. मी एकतीस वर्षे बँकेत काढली. त्यातली निम्म्याहून अधिक लहान शहरांतल्या शाखांमध्ये, लघुउद्योगांची कर्जे देण्यात आणि वसूल करण्यात गेली. तिथे जे पाहिले त्यावरून मला वाटते की आपण चुकीच्या दारावर टकटक करतो आहोत. शहरांची नावे लिहीत नाही. फार फरक पडणार नाही.

एका कर्जदाराची गोष्ट सांगतो. त्यांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप होते. फाटके, कपाटे, शाळेचे बाक अशी कामे. मी पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा तिथे अकरा माणसे होती. मालक स्वतः वेल्डर, मनगटापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग. खाते इतके स्वच्छ की महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, मागावे लागत नसे, आपणहून आणून देत. एका वर्षी त्यांना एका सार्वजनिक संस्थेचे बाक पुरवण्याचे काम मिळाले. त्यांच्या आजवरच्या कामांत सर्वांत मोठे. निविदा उघडली त्या संध्याकाळी शाखेत येऊन सांगून गेले आणि जाताना म्हणाले, "साहेब, आता बेंडिंग मशीनचे कोटेशन मागवतो."

बाक वेळेत गेले. मोजून घेतले, चलनावर सह्या झाल्या. बिल मात्र अडकले. आधी अनुदान यायचे होते. मग सही करणारे अधिकारी बदलून गेले. मग मार्च संपला. मग फाइलमधला तपासणी अहवाल सापडेना. या सगळ्यात कोणी त्यांच्याशी वाईट वागले नाही. चहा विचारत, बसा म्हणत. सात महिने गेले.

या सात महिन्यांत त्यांच्या बाजूला काय चालले होते? लोखंडाच्या व्यापाऱ्याला पंधरा दिवसांची उधारी. कामगारांना दर शनिवारी पगार. जीएसटी तर बिल फाडले की पुढच्याच महिन्यात भरायचा, पैसे हातात आले असोत वा नसोत. हे सगळे कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायच्या कर्जातून निघाले आणि मर्यादा काठोकाठ भरली. त्यावर व्याज चढत गेले आणि खात्यात जमा काहीच नाही. आता रिझर्व्ह बँकेचा नियम असा की खाते नव्वद दिवस असे राहिले तर ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए. म्हणजे ज्याचे पैसे एका सरकारी टेबलावर सात महिने पडून होते, तोच माणूस तीन महिन्यांत थकबाकीदार ठरला. त्या कागदावर सही माझी आहे. नियमाप्रमाणे ती बरोबरच होती. ती करताना मला काय वाटले हे लिहून कोणाचे भले होणार नाही.

बेंडिंग मशीन आले नाही. माणसे अकराची चार झाली. कोणताही कारखाना बंद पडला नाही, टाळे लागले नाही, मोर्चा निघाला नाही, आणि म्हणून बातमीही झाली नाही. पण सात जणांचे काम गेले. एखाद्या शहरात अशी वर्कशॉप किती असतात? छापखाने, बॅटरी-मोटर दुरुस्तीवाले, गणवेश शिवणारे, पाइप फिटिंगवाले, संगणक दुरुस्त करणारे. त्यातल्या प्रत्येकाचे दोन माणसांचे काम वाढले काय किंवा कमी झाले काय, कोणाच्या भाषणात ते येणार नाही. बेरीज करून पाहा.

कायदा नाही असे मात्र नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघुउद्योजकाकडून माल घेतला तर करारात काहीही लिहिलेले असो, ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार ऐकायला सुविधा परिषद आहे. तिच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचे तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. सरकारी खरेदीदारही यातून सुटलेला नाही. इतका कडक कायदा मोठ्या थकबाकीदारांविरुद्ध आम्हा बँकवाल्यांच्याही वाट्याला क्वचितच आला असेल.

मग वापरत का नाहीत? मी त्या गृहस्थांना अर्ज करा म्हणून सांगितले होते. ते हसले. "साहेब, व्याज मिळेल. पुढचे टेंडर मिळेल का?" लहान शहरात खरेदी करणारे दोन-चारच असतात आणि सगळे एकमेकांना ओळखतात. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार.

२०२४ च्या एप्रिलपासून आयकर कायद्यातही तरतूद आली की लघुउद्योजकाचे बिल मुदतीत फेडले नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येणार नाही. खासगी कंपन्यांवर याचा दाब पडला. काहींनी नोंदणी असलेल्या लहान पुरवठादारांकडची खरेदीच कमी केली अशीही कुजबुज त्या वेळी ऐकली. पण पालिकेला किंवा शासकीय कार्यालयाला आयकराचा काय धाक? आणि लहान शहरात सर्वांत मोठे गिऱ्हाईक नेमके तेच असते.

आता मोठ्या प्रकल्पाकडे येतो. २०१७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फॉक्सकॉन या कंपनीने १० अब्ज डॉलर गुंतवू, १३ हजार नोकऱ्या देऊ असे जाहीर केले. राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. जागेसाठी माउंट प्लेझंट नावाच्या गावातली घरे हलवली. भूमिपूजनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आले आणि हे जगातले आठवे आश्चर्य म्हणाले. २०२१ मध्ये करार नव्याने लिहावा लागला. त्यात गुंतवणूक ६७ कोटी डॉलर आणि नोकऱ्या १,४५४. जिथे सरकारकडे वकिलांची आणि हिशेबनिसांची फौज असते तिथली ही कथा. आपल्याकडचे सामंजस्य करार वाचताना मला ती आठवते.

त्याच्या शेजारी इंग्लंडमधले प्रेस्टन ठेवून पाहा. २०११ साली तिथला ७० कोटी पौंडांचा भव्य बाजारसंकुल प्रकल्प मुख्य दुकानदारानेच अंग काढून घेतल्यावर बारगळला. मग तिथल्या मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला : आपल्याच शहरातल्या सार्वजनिक संस्था वर्षाला जो खर्च करतात तो जातो कुठे? नगर परिषद, काउंटी परिषद, पोलीस, दोन कॉलेजे आणि एक गृहनिर्माण संस्था अशा सहा जणांनी हिशेब मांडला, तर प्रेस्टनमध्ये राहणारा वाटा निघाला जेमतेम ५ टक्के. त्यांनी कोणाला सक्ती केली नाही. कंत्राटांचे तुकडे पाडले. उदाहरणार्थ, शाळांच्या जेवणाचे एकच मोठे कंत्राट न ठेवता दही, अंडी, चीज अशी वेगवेगळी केली, म्हणजे जवळच्या लहान पुरवठादाराला निविदा भरता यावी. चार वर्षांत ५ टक्क्यांचे १८ टक्के झाले. नवा पैसा आला नव्हता, होता तोच शहरात फिरू लागला.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. प्रत्येक शहराने असे केले तर शेजारच्या शहराचे काय, हा एक. दुसरा जास्त खरा : आपल्याकडे 'स्थानिकाला प्राधान्य' म्हटले की स्थानिक म्हणजे कोणाचा तरी मेहुणा, हे ठरलेले. म्हणून मी राखीव कोटा मागत नाही. दर जास्त असेल तर बाहेरच्याला काम द्या. पण शंभर शाळांचे बाक एकाच निविदेत घालायचे, त्यासाठी तीन वर्षांची भलीमोठी उलाढाल मागायची, अनामत भारी ठेवायची, आणि मग स्थानिकांकडे क्षमता नाही म्हणायचे, हा खेळ तरी थांबवा. बहुतेक वेळा होते असे की बाहेरचा ठेकेदार काम घेतो आणि बाक बनवतो तोच आमचा वेल्डर, फक्त निम्म्या दरात आणि पोटकंत्राटावर.

मोठा कारखाना वाईट असतो असे मी म्हणत नाही. पण महाराष्ट्रात जे कारखाने गाव उभे करून गेले त्यांची सुरुवात आठवा. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आधी सायकलचे दुकान होते, मग लोखंडी नांगराचे वर्कशॉप. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगाव नगरपालिकेने त्यांना जागा खाली करायला लावली. तेव्हा औंध संस्थानचे राजे असलेल्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जमीन दिली, कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. पुढे स्टेशनचेही नाव बदलले. पंतप्रतिनिधींनी परदेशी कंपनीला पायघड्या घातल्या नव्हत्या. त्यांनी समोर घाम गाळणारा, हात काळे झालेला माणूस ओळखला. इचलकरंजीतही १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो एकच होता. (बेळगावच्या त्या पालिकेला नंतर कधी चुकल्यासारखे वाटले का, याचे मला फार कुतूहल आहे.)

आज तो हात काळे झालेला माणूस ओळखायला पंतप्रतिनिधी लागत नाहीत, त्याचे बिल वेळेवर काढले तरी पुरे. त्यातून जे उरेल त्यात तो मशीन घेईल, मशीनवर दोन पोरे ठेवील. आयटीआयमधून वेल्डर आणि फिटर दरवर्षी बाहेर पडतातच. त्यातले बरेचसे शहर सोडतात ते महानगराच्या ओढीने असे आपण समजतो. मी ज्यांच्याशी बोललो त्यांचे कारण साधे होते : इथे मालकाकडे शनिवारी पैसे नसतात.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक नगरपालिकेने, महानगरपालिकेने, जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या कार्यालयाने दर महिन्याला एक तक्ता लावावा : कोणाचे बिल, कोणत्या तारखेला आले, किती दिवस झाले, कोणत्या टेबलावर आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करायलाच सांगते. ४५ दिवस उलटलेल्या ओळींखाली व्याजाची रक्कम लिहावी. ती कोणी मागितली नाही तरी लिहावी, कारण उद्या ती करदात्यांच्याच खिशातून जाणार आहे. तक्रारदार म्हणून पुढे यायची पुरवठादाराची भीती याने निम्मी होईल, कारण नाव त्याने दिलेलेच नसेल.

आणि संपादक महाशय, कार्यालये हे आपणहून करणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी महिन्यातून एकदा ती यादी मागावी आणि छापावी. सोन्याचांदीचे भाव जिथे येतात त्याच्या शेजारी जागा चालेल, रकाना फार मोठा लागणार नाही.

त्या गृहस्थांचे बिल शेवटी निघाले. व्याजाशिवाय. रक्कम खात्यात आली आणि त्याच दिवशी थकबाकीत वळती झाली. त्यांनी पुन्हा निविदा भरली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा ते दुरुस्तीची कामे घेत होते, रोखीने. चौघांपैकी तिघे उरले होते.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी